कपाटामागचा खांब

४ मार्च, सोमवार, सकाळ

चिरंजीव भाऊ यास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? अजून शिडी चढतोस, की आता खालूनच ओरडून काम करून घेतोस? भावजयीची शुगर आटोक्यात आहे ना? तिला म्हणावं, चहा बिनसाखरेचा प्यायचा आणि त्यात चार बिस्किटं बुडवायची, ह्याला पथ्य म्हणत नाहीत. तुझ्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांग, पण डाव्या कानात सांग, उजव्यात सांगून उपयोग नाही. थोरलीची कंबर बरी आहे का? धाकटीचा चष्म्याचा नंबर थांबला का वाढायचा? आणि तुमचा तो आंधळा कुत्रा, तो आहे का अजून?

सव्वा वर्षाचं विचारायचं साठलं होतं, म्हणून एकदम विचारलं.

मी दोनदा फोन केला होता. भावजयीने उचलला आणि म्हणाली, "ते बाहेर गेलेत." मागे कुणीतरी खोकत होतं. तो खोकला तू तीन वर्षांचा होतास तेव्हापासून मी ओळखते. असो. गरम पाण्याची वाफ घेत जा.

आम्ही इकडे बरे आहोत. लेक आणि जावई माझ्याकडेच आहेत. लेकीला सातवा महिना लागला. दहा वर्षांनी पाळणा हलायचा आहे, तर डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगावरच झोपवून ठेवलंय. वार खाली सरकली आहे म्हणाल्या, दोनदा रक्त गेलं. जिना चढायचा-उतरायचा नाही, धक्का लागू द्यायचा नाही, मनाला घोर लावून घ्यायचा नाही. वरच्या खोलीत ऊन चांगलं येतं म्हणून तिचा पलंग तिथे लावलाय. मी खाली हॉलमध्ये शिवत बसते, ती वरून काठी आपटते, की मी वर जाते. माझे गुडघे तुझ्याहून बरे आहेत.

आता एक सहज विचारते. जुन्या घराची दारं ह्या दिवसांत अडकतात का रे? हॉलचं दार महिन्यापूर्वी एका बोटाने लागत होतं, आता खांद्याने लोटावं लागतं. जावई म्हणतात, लाकूड फुगलं असेल. पण हवा तर कोरडी आहे. आणि माझ्या शिवणाच्या टेबलावर सकाळी पिठासारखी बारीक पांढरी भुकटी पडलेली असते. काळ्या कापडावर जास्त दिसते. मी झटकते आणि कामाला लागते.

उगाच आपलं, म्हणून मी टेपने माप घेतलं. हॉलच्या मधोमध, फरशीपासून वरच्या तुळईपर्यंत. अठरा फेब्रुवारीला चौऱ्याण्णव इंच तीन सूत होतं. आज चौऱ्याण्णव इंच दोन सूत भरलं. इंचात आठ सूत, म्हणजे किती थोडं ते बघ. माझी नजर चुकली असेल. तू गवंडी माणूस, तुला म्हणून विचारलं. जमलं तर चार ओळी लिही.

तुझी,
ताई


११ मार्च, सोमवार, दुपार

चि. भाऊ,

तुझं पत्र आलं नाही. पोस्टमनला मी रोज खिडकीतून विचारते. तो आता मला बघितलं की लांबूनच मान हलवतो.

मागच्या पत्रात मी सगळं खरं लिहिलं नव्हतं. "सहज विचारते" असं लिहिलं, पण सहज काही नव्हतं.

दगडी भिंतीपासून थेट हॉलच्या मधोमध आलेलं एक मोठं लाकडी कपाट होतं. जमिनीपासून छतापर्यंत, दोन्ही बाजूंनी दारं असलेलं. आमच्या आधीचे मालक, ते चष्मेवाले मास्तर, त्यात पोरांच्या वह्या ठेवत. पंचवीस वर्षं हॉलमध्ये शिकवणी घेतली ना त्यांनी. मला ते कपाट पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होतं. माझा कापायचा टेबल कुठे लावणार? उजेड अडत होता. तुला माझी सवय ठाऊक आहे. कुणाचा जुना कोट दुरुस्तीला आला, की मी आधी अस्तर उसवून काढते, मग आत काय आहे ते बघते. घराचंही तसंच केलं. जानेवारीत सुताराला बोलावलं आणि म्हटलं, हे उसव.

फळ्या निघाल्या, दारं निघाली, आणि आत एक खांब निघाला. चांगला मांडीएवढा जाड, जुना, तेल प्यायलेला. सुतार म्हणाला, "काकू, कपाटाला एवढा खांब कशाला लागतो? मास्तर कपाटात हत्ती ठेवायचे का?" आम्ही हसलो. तो वर घट्ट बसला होता, म्हणून सुताराने मोठ्या हातोड्याने खालून ठोकला. सहावा घाव बसला आणि खांब सुटला. तेव्हा वरून असा एक आवाज आला, पोटभर जेवलेल्या माणसासारखा, आणि आमच्या दोघांच्या डोक्यावर मूठभर धूळ पडली. सुतार म्हणाला, "घराने ढेकर दिला." मी म्हटलं, "देऊ दे, मास्तरांचं ओझं उतरलं त्याच्या पोटातून."

भाऊ, तो ढेकर माझ्या कानातून जात नाही.

आणि आता सगळ्यात वाईट सांगते. तो खांब मी ठेवला नाही. लाकूड उत्तम होतं, सुतार म्हणाला फेकू नका. मी त्याचे चार तुकडे करून घेतले. माझ्या कापायच्या टेबलाचे चार पाय. जन्मभर मी दोनदा मापल्याशिवाय कापडाला कात्री लावली नाही, आणि हे न मापता कापलं. आता मी त्याच टेबलाशी बसते आणि वर बघते.

आज चौऱ्याण्णव इंच एक सूत.

परवा एका कंत्राटदाराला दाखवलं. त्याने बॅटरी मारून वर पाहिलं, काठीने ठोकलं, आणि त्याचा चेहराच बदलला. म्हणाला, "बाई, इथे पूर्वी भिंत होती. कुणीतरी काढलीय. तुळईच्या पोटात काय आहे ते कळल्याशिवाय मी टेकूसुद्धा लावणार नाही. चुकीच्या जागी टेकू दिला तर आहे तेही खाली येईल." मी विचारलं, "पण पडेल का हो?" तो म्हणाला, "काम करणाऱ्यालाच विचारा." आणि चहा न घेता गेला. चहाला नाही म्हणणारा कंत्राटदार मी पहिल्यांदा पाहिला.

वर लेकीला काही सांगितलेलं नाही. ती काठी आपटते तेव्हा मी ओरडते, "अगं हळू आपट!" ती म्हणते, "आई, तुझं डोकं दुखतंय का?" मी म्हणते, हो.

मास्तरांचा शोध घेतला. ते गेल्या वर्षीच वारले. तू ह्या गावात तीस वर्षं कामं केलीस. ती भिंत कुणी काढली असेल, तुला काही माहीत असेल तर कळव. बाकी कशाचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

ताई


१५ मार्च, शुक्रवार, सकाळ

भाऊ,

भिंत कुणी काढली ते आता मला कळलं.

कपाट जिथे दगडी भिंतीला टेकलं होतं, तिथला रंगाचा पोपडा काल सुटला. मी ब्रशने घासत होते. खाली गिलावा निघाला, आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर, कोपऱ्यात, तीन बोटांचे ठसे. ओल्या गिलाव्यात दाबलेले. मधलं बोट दोन्ही बाजूंच्या बोटांहून आखूड.

मी ब्रश तसाच हातात धरून खाली बसले.

काम संपलं की कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात तीन बोटं दाबायची तुझी खोड. बाबा ओरडायचे, "भिंत आहे का शेण आहे?" आणि मधल्या बोटाचं टोक तर माझ्यामुळेच गेलं. तू चार वर्षांचा होतास, मी चिडून दार लावलं आणि तुझा हात फटीत होता. मी तो ठसा हजार भिंतींत ओळखीन.

आता मला घर घेण्याआधीचा तो दिवस आठवतो. तुम्ही सगळे माझ्या जुन्या बिऱ्हाडी आला होतात. तू दारातच उभा राहिलास, चप्पलसुद्धा काढली नाहीस, आणि म्हणालास, "ताई, ते घर घेऊ नकोस." मी म्हटलं, "का?" तू म्हणालास, "नको म्हणतो ना." मी पुन्हा विचारलं, तर तुझी नजर जमिनीला. म्हणालास, "तुला नाही शोभत ते." मला वाटलं, शिवणकाम करणाऱ्या बाईने दोन मजली घर घेतलेलं ह्याला बघवत नाही. आणि मग मी ते बोलले. तुझ्या सासऱ्यांसमोर, भावजयीसमोर, तुझ्या पोरींसमोर. "तुझ्या हाताला यश नाही, म्हणून माझ्या यशावर तुझा डोळा."

मला माहीत नव्हतं मी नेमकी कुठे सुई टोचली. खरंच माहीत नव्हतं. पण तुला वाटलं असणार, हिला कळलंय आणि ही चारचौघांत उघडं करतेय. हो ना? म्हणून तू तसाच पाठ फिरवून गेलास.

पण भाऊ, तू एक वाक्य बोलला असतास तर? "ती भिंत मी काढलीय, ते काम कच्चं आहे." एवढंच. मी तुला काही म्हटलं नसतं. बरं, म्हटलं असतं, दोन दिवस बोलले असते, माझा स्वभाव तसाच आहे. पण घर घेतलं नसतं. आज माझी लेक त्या तुळईवर झोपली नसती.

रागावून लिहीत नाही. घाबरून लिहितेय. राग असता तर बरं झालं असतं, रागात निदान झोप लागते.

आज त्र्याण्णव इंच सात सूत. चार दिवसांत दोन सूत. आधी एक सूत जायला आठवडा, दोन आठवडे लागत होते.

काल डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तिला हलवायचं म्हणजे धोका आहेच. स्ट्रेचरवरून त्या अरुंद जिन्याने उतरवताना रक्त सुरू झालं तर दोघांचंही कठीण. घर खरंच पडणार असेल तर मी हा धोका पत्करीन. पण तुमच्या नुसत्या भीतीसाठी पत्करणार नाही. मला नक्की सांगा." मी नक्की काय सांगू? मला कापड कळतं. लाकडाच्या पोटातलं मला काय कळतं?

ते एका माणसाला माहीत आहे. त्याने ते पंचवीस वर्षं पोटात ठेवलंय.

मला तुझा कबुलीजबाब नको. माफी तर नकोच. फक्त एवढं सांग. आत काय आहे? पडेल की नाही? तू नाही म्हणालास तर मी तिला हलवणार नाही. हो म्हणालास तर आजच हलवीन. तुझ्या शब्दावर माझी लेक आणि तिच्या पोटातलं बाळ आहे.

ताई


१९ मार्च, मंगळवार, दुपारी एक

चि. भाऊ,

तुझा लिफाफा सकाळी दहाला मिळाला. पोस्टमनने आज मान हलवली नाही, धावत आला.

चित्र बघितलं. खाली लिहिलेलं वाचलं, "तिला खाली आण. मी शनिवारी येतो, जॅक घेऊन. तोवर खाली कुणी हात लावू नये." सहीसुद्धा नाही. लहानपणी शाळेतून चिठ्ठी आणायचास तशीच.

तू काढलेलं मला समजलं. तुळई एक नाही, दोन आहेत. एवढी लांब मिळाली नाही म्हणून दोन आखूड तुकडे मधोमध एकमेकांत बसवले, आणि दोन बोल्ट. जोडाच्या बरोबर खाली खांब. बाजूला तू लिहिलंस, "मास्तर म्हणाले लोखंडी गर्डर आणतो, तोवर टेकू दे. मग म्हणाले राहू दे, वर्ग सुरू करायचेत. मी राहू दिलं." आणि त्याभोवती कपाट.

म्हणजे मी जो खांब काढला तो टेकू होता, आणि गेले दोन महिने सगळा वरचा मजला दोन बोल्टांवर लटकलाय. आणि मी रोज त्या जोडाच्या बरोबर खाली बसून कॉलर शिवत होते.

भाऊ, "मी राहू दिलं" ह्या शब्दांवर मी बराच वेळ बोट ठेवून बसले. मग मला माझंच आठवलं. कापड कमी पडलं की मीही जोड देते. पाठीच्या चुणीत लपवते, वरून इस्त्री फिरवते. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. चाळीस वर्षांत असे किती जोड मी दिले असतील? फरक एवढाच, की चुणी उसवली तर कुणी मरत नाही. तुझ्याकडे बोट दाखवायला मी कोण? पण हे मी नंतर सांगीन. आता वेळ नाही.

डॉक्टरीणबाईंना चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि लगेच म्हणाल्या, "आज चार वाजता. नर्स मी पाठवते." लांब न्यायचं नाही, खड्ड्यांचा रस्ता आहे. समोरच्या लॉन्ड्रीवाल्या बाईंनी त्यांची मागची खोली दिली, तळमजल्यावरची. रस्ता ओलांडला की झालं.

मग मी वर गेले, लेकीला सांगायला. जिन्यातच तीन वेळा थांबले. घोर लावून घ्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि मी घोराची टोपलीच घेऊन चालले होते. पलंगावर बसले, तिचा हात धरला आणि म्हटलं, "बाळा, एक सांगायचंय, घाबरू नकोस."

ती म्हणाली, "तुळईचं ना?"

मी म्हटलं, "तुला कसं कळलं?"

"आई, पाण्याचा ग्लास इथे ठेवला की पाणी एका बाजूला चढलेलं दिसतं. गेले तीन आठवडे. फळ्यांमधली फटही वाढलीय, खालचा तुझ्या मशीनचा दिवा मला वरून दिसतो. म्हटलं, तुला सांगितलं तर तू घाबरशील. तुझं ब्लड प्रेशर."

मी तिच्यापासून लपवत होते आणि ती माझ्यापासून! तेवढ्यात जावई, दुकानांना ब्रेड पोचवायची त्यांची गाडी खाली लावून, वर आले, आमचं ऐकलं आणि म्हणाले, "आणि मला कधी सांगणार होतात? छप्पर ताटात पडल्यावर?" तेही मग पलंगाच्या कडेला बसायला लागले, आणि आम्ही दोघी एकदमच ओरडलो, "बसू नका!" तिघांचं वजन एका जागी. ते तसेच अर्धे वाकलेले राहिले, उठताही येईना, बसताही येईना. लेक हसायला लागली. मी तिला म्हटलं, हसू पण नकोस, पलंग हलतो.

आज त्र्याण्णव इंच पाच सूत. आता पुन्हा मापायला जाणार नाही. टेप लावताना हात वर नेला की वाटतं, माझ्या बोटाच्या धक्क्यानेच येईल.

साडेतीनला स्ट्रेचर येईल. जावई पुढे, लॉन्ड्रीवाले मागे, नर्स बाजूला. जिन्यावर एकाच वेळी चार माणसं, आणि त्या जिन्याचं वरचं टोक कशावर टेकलंय ते तू तुझ्या चित्रात बाणाने दाखवलंस. बघितलं मी. देवा.

हे पत्र आताच टाकते, म्हणजे निघायच्या आधी तुला मिळेल. सावकाश ये, पण ये.

ताई


२३ मार्च, शनिवार, सकाळी अकरा
लॉन्ड्रीच्या पायरीवरून

भाऊ,

तू रस्त्यापलीकडे आहेस, मी अलीकडे, आणि तरी पत्रच लिहितेय. काय करणार? सकाळी तू जॅक उतरवलेस, माझ्या अंगावरून पुढे गेलास आणि खोलीत पडलेल्या माझ्या लेकीला म्हणालास, "तुझ्या आईला सांग, बाहेर उभी राहा." ती म्हणाली, "मामा, आई तुमच्या समोरच उभी आहे." तू म्हणालास, "असू दे. तू सांग." आणि तिने मला सांगितलं! सत्तरीला आलेले आपण दोघं.

म्हणून लिहितेय. लॉन्ड्रीवाल्या बाईंची उंचावरचे कपडे काढायची लांब काठी आहे, टोकाला चिमटा. त्यात हा कागद अडकवून जावई तुझ्या खिडकीशी धरतील. दारातून कुणाला पाऊल टाकू देत नाहीस, काठी तरी टाकू दे.

मंगळवारचं तुला कुणी नीट सांगितलं नसेल. जिन्याच्या मधल्या वळणावर स्ट्रेचर अडकलं. जावयांना मागे सरावं लागलं, आणि ते सरले तशी वरची फळी करकरली, लांबलचक. लेकीने डोळे मिटून पोटावर दोन्ही हात ठेवले होते. मग नर्स शांतपणे म्हणाली, "डावीकडून, एक बोट वर," आणि ते वळलं. संध्याकाळी थोडं रक्त गेलं. मी भिंतीला धरून उभी होते. रात्रीत थांबलं. आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकवले. घोडा दौडतोय असे ठोके.

ती वाचली. तुझ्या चित्राने वाचली. हे मला तुला तोंडाने सांगायचं होतं, पण तू तोंड दाखवत नाहीस.

आता तू त्या जोडाखाली आहेस, एकटा. सगळ्यांना बाहेर काढलंस. जावयांनी विचारलं, "मामा, घर सोडून देऊ, कंत्राटदार पाडेल." तू म्हणालास, "पाडायलाही कुणी आत जाईलच ना? तो कुणाचा तरी भाऊ असेल." मग सांगितलंस, एका वेळी जॅकला पाव फेरा, मग अर्धा तास थांबायचं, लाकडाला सवय होऊ द्यायची. एकदम उचललं तर वरच्या भिंती फाटतील. प्रत्येक फेऱ्यानंतर तू खिडकीतून हात बाहेर काढून दाखवणार, किती झाले ते.

पहिल्याला एक बोट दिसलं. दुसऱ्याला दोन. लॉन्ड्रीवाल्या बाई म्हणाल्या, "तुमचा भाऊ शाळा घेतोय." मला हसू आलं नाही.

तिसऱ्या फेऱ्याला जे झालं ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. काडकन. बंदुकीसारखं. खिडकीतून पांढरा धुरळा आला. लेक आतून ओरडली, "आई, मामा!" मी रस्त्याच्या मधोमध पोहोचले होते, जावयांनी मला कमरेला धरून मागे ओढलं. खिडकीत काही नाही. मी मोजत होते, का मोजत होते कुणास ठाऊक. चाळीसपर्यंत मोजलं. मला वाटलं, दुसऱ्यांदा मीच तुझा हात दारात चेंगरला.

मग हात दिसला. पिठात बुडवल्यासारखा पांढरा. तीन बोटं. आणि मग मूठ करून अंगठा तोंडाशी नेलास, पाणी हवं म्हणून.

तो आवाज कशाचा होता? एक बोल्ट तुटला का? खरं सांग. कारण आता जावई म्हणतात, "मामांचे तीन फेरे झाले, नवा खांब उभा करायला आणखी दोन लागतील." म्हणजे आणखी एक तास तू तिथे. मला घर नको, भाऊ. खाली आलं तर येऊ दे, रिकामं येऊ दे. माझं मशीन आत आहे, तेही जाऊ दे. मी हाताने शिवीन. तू मंगळवारपासून झोपलेला नाहीस, हे भावजयीने फोनवर सांगितलं. ती रडत होती. तुझे गुडघे तुला वेळेवर पळू देणार नाहीत.

तू ते काम का पुरं करतोयस ते मला कळतं. त्या कोपऱ्यातले ठसे तुला आता माझ्यासमोर खरे करून दाखवायचे आहेत. मला ते नको आहेत खरे. मी जे बोलले ते खोटं होतं, हे तेवढं खरं करून घे. तुझ्या हाताला यश आहे. ते माझ्या मागच्या खोलीत झोपलंय, आणि त्याचे ठोके मी आज ऐकले.

जावई पाण्याची बाटली काठीला बांधून पाठवणार होते. मी नको म्हटलं. पाणी आत पाठवणार नाही. तहान लागली असेल तर बाहेर ये, पायरीवर बस आणि पी. पिऊन झाल्यावर मला शिव्या घाल, पाहिजे तर लेकीच्या मार्फत घाल.

ह्याच कागदाच्या मागे हो किंवा नाही लिही, येतोस की नाही ते, आणि लवकर लिही. तांब्या भरून माझ्या शेजारी पायरीवर ठेवलाय.

ताई